टेकडीचा व्हॉल्व्ह

तिला नावाने हाक मारणारी माणसं गावात फार थोडी उरली होती. बाकी सगळ्यांसाठी ती चावीवाली. पालिकेच्या पाणी खात्यात बावीस वर्षं ती एकच काम करत आली होती. ठरल्या वेळी ठरल्या वस्तीचा व्हॉल्व्ह उघडायचा, ठरल्या वेळी बंद करायचा. छातीपर्यंत उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. ती खांद्यावर टाकून सायकलवरून निघाली की रस्त्यातली कुत्रीसुद्धा बाजूला होत. गावात असे अकरा व्हॉल्व्ह होते, रस्त्याखालच्या चेंबरमध्ये, लोखंडी झाकणाखाली, आणि प्रत्येकाची खोड तिला पाठ होती. बाजारातला आधी डावीकडे एक हिसका दिल्याशिवाय हलायचा नाही. इस्पितळाचा कितीही आवळा, थेंब थेंब गळतच राहायचा. टेकडीचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात आखडू. पूर्ण बंद व्हायला अडतीस फेरे घ्यायचा.

वडील प्लंबर होते. लहानपणी दोघी बहिणी त्यांच्या मागे पाने-पक्कड घेऊन फिरायच्या. धाकटीला तो ओल्या लोखंडाचा वास, ती गंजाने लाल झालेली बोटं कधीच आवडली नाहीत. ती शिकली, शाळेतल्या मास्तरांशी लग्न केलं आणि टेकडीवर राहायला गेली. थोरली मीटर वाचायच्या कामाला लागली. आधीच्या चावीवाल्याची कंबर गेली तेव्हा त्याची चावी हिने उचलली, कारण दुसरं कुणी उचलेना. उजाडायच्या आत उठायचं, चिखलात गुडघे टेकायचे आणि वर लोकांच्या शिव्या खायच्या. शिव्यांचं तिला विशेष काही वाटत नसे. तिला त्या परत करता येत होत्या.

"आमच्या घरात दोन वस्तरे," तिचा नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, "एक माझ्या हातात, एक हिच्या तोंडात." बसस्टँडजवळ त्याचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. मूलबाळ नव्हतं. दोघं खालच्या वस्तीत, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहत.

मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी कमी पडला, दुसऱ्या वर्षी आलाच नाही. रोज येणारं पाणी दिवसाआड झालं, मग चौथ्या दिवशी, तेही चाळीस मिनिटं. खालच्या वस्त्यांना पाणी उतारावरून आपसूक जायचं. टेकडीला ते पंपाने चढवावं लागायचं. त्यामुळे टेकडीवर नळ आधी नुसतं फुसफुसायचे, मग करंगळीएवढी धार यायची, आणि ती जरा भरीला लागते न लागते तोच वेळ संपायची.

टेकडीवरची माणसं शिकलेली, बंगलेवाली. डॉक्टर, मास्तर, निवृत्त साहेब. कर वेळेवर भरणारी. आपल्या बागा डोळ्यांदेखत करपताना बघून त्यांना कुणावर तरी राग काढायचा होता. ढगावर काढता येत नाही, पंपावर काढता येत नाही. चावीवाली मात्र दर चौथ्या दिवशी सायकलवरून त्यांच्या दारात यायची.

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ हातात घड्याळ घेऊन चेंबरपाशी उभे राहू लागले. सगळे त्यांना घड्याळवाले म्हणत.

"एकोणचाळीस मिनिटं झाली. अजून एक मिनिट आहे."

"काका, चावी फिरवायलाच चार मिनिटं लागतात."

"ते तुझं काम. आमच्या मिनिटांतून कापायचं नाही."

एकदा कुणीतरी चेंबरमध्ये डांबर ओतलं. तिने दोन तास पोटावर पडून ते रॉकेलने खरवडून काढलं. एकदा एका गच्चीवरून तिच्या डोक्यावर चहा आला. गरम होता. वर पाहिलं तर कुणी नाही, फक्त कप ठेवल्याचा आवाज. मग शंभर सह्यांचा अर्ज गेला, की ही बाई टेकडीचं पाणी मुद्दाम लवकर तोडते. तिसरी सही मास्तरांची होती.

"सगळ्यांनी केली म्हणून यांनी केली," धाकटी म्हणाली. "एकट्याने नाही म्हटलं असतं तर कसं दिसलं असतं?"

"मला आता दिसतंय तसं," चावीवाली म्हणाली आणि त्या दिवसापासून बहिणीच्या घरी जाऊन बसणं तिने बंद केलं.

आणि खोटं कशाला सांगायचं? चहा पडल्यानंतरच्या खेपेला तिने टेकडीचं पाणी खरंच दोन मिनिटं आधी बंद केलं. त्यानंतरही तीन-चारदा केलं. अर्ज आला तेव्हा तो खोटा नव्हता. एवढंच, की अर्ज करणाऱ्यांना ते माहीत नव्हतं आणि तिला होतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी डोंगरापलीकडचं रान पेटलं. आधी नुसता धूर दिसायचा, दूर, मळकट. रेडिओवर सांगायचे, आग आटोक्यात आहे. आठव्या दिवशी पालिकेच्या सभागृहात आपत्ती खात्याचं ऑफिस आलं. टेबलं जोडली गेली, भिंतीवर नकाशे लागले. त्या खात्याच्या प्रमुख एक पन्नाशीच्या बाई होत्या, आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या. गावाने दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव आपत्ती मॅडम ठेवलं. बाहेरगावांहून माणसं मदतीला येऊ लागली. कुणी फावडी घेऊन, कुणी पावाच्या पाट्या घेऊन, कुणी नुसताच मोबाइल उंच धरून. सात बंब आले. चावीवालीला सभागृहात एक खुर्ची मिळाली, कारण टाकीत किती पाणी आहे आणि कुठे किती जातं हे कागद न बघता सांगणारं तेवढं एकच माणूस होतं.

दहाव्या दिवशी दुपारी वारा फिरला.

तासाभरात आग डोंगराच्या अलीकडे आली. लाउडस्पीकरची गाडी टेकडीवरून तीन फेऱ्या मारून आली. टेकडी रिकामी करा, पायथ्याशी बस उभ्या आहेत, फक्त औषधं आणि कागदपत्रं घ्या. निम्मे लोक उतरले. निम्मे राहिले. बागेच्या नळ्या काढून ते छपरांवर चढले आणि आपापली घरं भिजवू लागले. त्या दिवशी आगीसाठी म्हणून सगळ्या गावाचं पाणी खुलं ठेवलं होतं. टेकडीवरचा एकूणएक नळ सुटला होता.

आणि इस्पितळापाशी बंबांच्या पाइपात पाणी चढेना. इस्पितळ टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, वाळक्या घळीच्या काठावर. आत त्रेसष्ट रुग्ण. निम्मे तरी असे, की ज्यांना उचलून पळवता येत नव्हतं. रुग्णवाहिका दोन-दोन जणांना नेत होत्या.

"टाकीत किती?" मॅडमनी विचारलं.

"दीड हात. वीस मिनिटांचं आहे."

"टेकडी बंद केली तर?"

"दोन तास तरी. बंबांना जोरही मिळेल."

मॅडम नकाशाकडे बघत राहिल्या. "वर अजून किती माणसं आहेत?"

"दीडशे तरी असतील," पोलिसांचे साहेब म्हणाले. "हात जोडले, ओरडलो, उतरत नाहीत. पाणी आहे तोवर उतरणार नाहीत."

"बंद करा," मॅडम म्हणाल्या. "पाणी गेलं की येतील खाली. बस थेट वर पाठवा."

"लेखी द्या," चावीवाली म्हणाली.

खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. मॅडमनी एका नकाशाच्या पाठीवर दोन ओळी लिहिल्या, सही केली, वेळ टाकली. तिने तो कागद घडी घालून ब्लाउजात खोचला, कोपऱ्यातली चावी उचलली आणि दोन पोलिसांबरोबर निघाली.

टेकडीचा चेंबर चढ सुरू होतो तिथेच, रस्त्याच्या डाव्या कडेला. बस तिथेच उभ्या होत्या. खाली उतरलेली माणसं पिशव्या घेऊन घोळक्याने थांबली होती. वरून राख पडत होती, केसांवर, सामानावर, पाण्याच्या बाटल्यांवर. मास्तर बायकोला बसमध्ये बसवून परत वर जायला निघाले होते. चावीवालीने झाकणाला पहार लावलेली त्यांनी पाहिली आणि ते धावत आले.

"ताई, काय करताय?"

"बंद करतेय."

मास्तर सरळ झाकणावर उभे राहिले. शाळेत मुलांसमोर उभे राहतात तसे, हात मागे बांधून.

"मास्तर, उतरा."

"वर माणसं आहेत. छपरं भिजवतायत. आमचं घर आहे वर!"

"इस्पितळात पण माणसं आहेत. त्यांना पाय नाहीत पळायला."

"तुम्ही बावीस वर्षं टपून बसला होतात आमचं पाणी तोडायला!"

"टपून कशाला बसू?" ती म्हणाली. "दर चौथ्या दिवशी तोडतच होते."

हे तिने बोलायला नको होतं. घोळक्यातून कुणीतरी "डाकीण" म्हणून ओरडलं. एक पिशवी तिच्या पाठीवर येऊन आदळली. पोलिसांनी मास्तरांना दोन्ही दंडांना धरून बाजूला केलं. त्यांचा चष्मा पडला, कुणाच्या तरी पायाखाली गेला. तिने झाकण उलटलं, चावी आत सोडली, तोंड बसल्याचा खट्ट आवाज झाला.

पहिले दहा फेरे नेहमीसारखे जड गेले. खांद्याने जोर लावावा लागला. धूर डोळ्यांत जात होता. अकराव्यानंतर व्हॉल्व्ह सैल झाला आणि हाताला लय सापडली. आणि मग, बाराव्या-पंधराव्या फेऱ्याच्या आसपास, तिला बरं वाटायला लागलं. दुसरा शब्द नाही त्याला. इस्पितळ डोक्यातून गेलं. डांबर आठवलं, मानेवरून ओघळलेला चहा आठवला, घड्याळ आठवलं, तिसरी सही आठवली. घ्या आता. मोजा मिनिटं. प्रत्येक फेऱ्याला आतून काहीतरी सुटत होतं, आखडलेला हात मोकळा व्हावा तसं. तिसाव्या फेऱ्याला तिने मान वर केली. समोर बसच्या खिडकीत धाकटी बसली होती. काचेला कपाळ टेकवून. ती चावीकडे बघत नव्हती, वर टेकडीकडेही नाही. ती थोरलीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

अडतीस. तिने चावी काढली.

पाच-सहा मिनिटं काहीच झालं नाही. मग वरून आरडाओरडा ऐकू आला, आणि मग माणसं दिसू लागली. बस वर गेल्या, भरून खाली आल्या, पुन्हा गेल्या. घड्याळवाले चालत आले. हातात बागेच्या नळीचं पितळी तोंड होतं, ते कधी तोडलं आणि का बरोबर आणलं हे त्यांनाही ठाऊक नसावं. तिच्यासमोर थांबले. थुंकले आणि बसमध्ये चढले.

शेवटची बस खाली आली आणि पाऊण तासाने आगीने टेकडी गाठली. बावन्न घरांपैकी चौतीस घरं गेली. मास्तरांचं त्यात होतं. टेकडीवरचं एकही माणूस गेलं नाही. इस्पितळाची मागची भिंत काळी पडली, धोबीघर जळलं, रुग्ण सगळे वाचले. बंब सहा-सहा मिनिटांत भरून निघत होते. आग विझल्यावर टाकीत चार बोटं पाणी उरलं होतं.

घरं गेलेल्यांना शाळेच्या मोठ्या सभागृहात ठेवलं. खाटा, चादरी, रांगा. मदत तर एवढी आली, की ठेवायला जागा पुरेना. पहिल्या दोन दिवसांत कपड्यांचा ढीग खिडकीपर्यंत गेला. उकाड्याने जीव जात असताना लोकरीचे कोट, एकेकटे बूट, कुणाच्या तरी लग्नातला झगमगीत पोशाख. मदतीला आलेली माणसं ते घड्या घालून लावत आणि फोटो काढत. टेकडीवरच्या डॉक्टरीणबाईंनी एक कोट उचलून म्हटलं, "हा पाठवणाऱ्याला वाटलं असेल, आमच्याकडची आग विझली म्हणजे आता थंडी वाजत असेल." सरकारी माणसं रोज नवे फॉर्म आणत. काल भरलेला चुकीचा होता, आज हा भरा. घराचा पुरावा जोडा. पुरावा घरात होता आणि घर जळलं होतं, हे तीन वेळा सांगावं लागे, तेव्हा चौथ्या वेळी साहेब मान हलवत.

पाण्याचा टँकर सभागृहाच्या दाराशी उभा राहायचा. माणशी किती द्यायचं, हे ठरवून उभं राहायचं काम पालिकेने कुणाला द्यावं? तिलाच दिलं. दुसरं माणूस नव्हतं म्हणे.

पहिल्या सकाळी लांबलचक रांग होती. तिने तोटी सोडली, पहिली बादली भरली, पुढे केली. समोरच्या बाईने हात पुढे केला नाही. तिच्या मागच्यानेही नाही. रांग तशीच उभी राहिली, बादली भरलेली, तिच्या हातात, दांडी बोटांत रुतलेली. शेवटी तिने बादली खाली ठेवली आणि ती टँकरच्या मागे जाऊन उभी राहिली. मग रांग हलली. लोक आपणच तोटी सोडून घेऊ लागले. पाणी सांडत होतं, ती टँकरच्या चाकाकडे बघत ते ऐकत होती. बावीस वर्षांत वाया जाणाऱ्या पाण्यावर ती पहिल्यांदा गप्प बसली.

चौथ्या दिवशी धाकटी एकटी आली, रांग संपल्यावर. अंगावर कुणाचा तरी ढगळ शर्ट होता.

"मास्तर कसे आहेत?" चावीवालीने विचारलं.

"चष्मा नाही. दिसत नाही. फॉर्म मी भरते."

"चष्म्याचं मी बघते."

"नको." धाकटीने बादली तोटीखाली ठेवली. "ताई, मला सगळं कळतं. मॅडमनी सांगितलं, तू केलंस. इस्पितळ वाचलं. पाणी असतं तरी आमचं घर वाचलं नसतं, हेही कळतं. हे सगळं मी यांनासुद्धा सांगते."

"मग?"

"मी तुझ्या तोंडाकडे बघत होते."

बादली भरून वाहू लागली. दोघींपैकी कुणीच तोटी बंद केली नाही.

"तुला मजा येत होती," धाकटी म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

चावीवालीला पुष्कळ उत्तरं सुचली. धूर होता. जोर लावताना तोंड वाकडं होतंच. तू लांब होतीस. एकही तोंडातून बाहेर पडलं नाही, कारण ऐकणारी तिला बाहुली खेळायच्या वयापासून ओळखत होती.

टेकडीने मग आपला राग नीट मांडून वाटून घेतला. सरकारवर थोडा, पावसावर थोडा, आणि बाकी सगळा तिच्यावर. टाकीचा हिशेब मॅडमनी सभा घेऊन समजावला. दीड हात पाणी, दोनशे नळ, वीस मिनिटं, आणि आग पोचली त्यानंतर तासाभराने. लोकांनी ऐकून घेतलं आणि उठून जाताना म्हणाले, पाणी असतं तर घरं वाचली असती. मॅडमची पुढच्या महिन्यात बदली झाली. वरच्या जागेवर. गाव म्हणालं, चौतीस घरांची शिडी करून चढली.

टेकडीची गिऱ्हाइकं सलूनमध्ये येईनाशी झाली. जी येत, ती खुर्चीत बसून, गळ्याला टॉवेल बांधून घेऊन, तिच्याबद्दल नको ते बोलत.

"माणसाची हिंमत बघ," नवरा घरी येऊन म्हणाला. "गळ्यावर माझा वस्तरा, आणि शिव्या माझ्या बायकोला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, मान जरा डावीकडे करा."

ती हसली नाही. त्यानेही तो विनोद पुन्हा केला नाही. एका सकाळी सलूनची काच फुटलेली मिळाली. त्याने पुठ्ठा लावला आणि कुणी फोडली याची चौकशी केली नाही.

तिच्याही मनात त्या लोकांसाठी ओलावा नव्हता, हे सांगायलाच हवं. टेकडीवरचे जळके खांब तिच्या दारातून दिसत. ती भांडी घासताना त्यांच्याकडे पाठ करून बसे. घड्याळवाल्यांना दवाखान्याच्या रांगेत उभं पाहिलं तेव्हा ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. दया वाटू नये म्हणून गेली की वाटत नव्हती म्हणून, हे तिचं तिला सांगता आलं नसतं. पण जेवताना, कपडे वाळत घालताना, चावीला तेल लावताना धाकटीचे ते चार शब्द मध्येच उभे राहत.

तीन महिन्यांनी राजधानीहून चौकशी समिती आली. दोन पुरुष, एक बाई, एक लेखनिक. पालिकेच्या त्याच सभागृहात खुली सुनावणी. टेकडीवरचे सगळे हजर. मास्तर नव्या चष्म्यात पुढच्या रांगेत, धाकटी अगदी मागे, दाराजवळ. चावीवालीने नकाशाच्या पाठीवरचा तो आदेश पुढे ठेवला. समितीने तो हातोहात फिरवून पाहिला. टाकी किती, वेळ किती, फेरे किती, सगळं विचारलं. तिने नेमकं सांगितलं. अध्यक्ष खूश दिसले.

"म्हणजे तुम्ही आदेशाप्रमाणे वागलात, आणि आदेश योग्य होता. तुम्हाला आणखी काही सांगायचंय?"

उत्तर नाही असंच अपेक्षित होतं. लेखनिकाने पेनाचं टोपणही लावलं होतं.

"हो," ती म्हणाली. "आदेश बरोबर होता. आज पुन्हा दिला तर पुन्हा बंद करीन. पण चावी फिरवताना मला बरं वाटलं होतं. या लोकांनी मला फार छळलं होतं, आणि त्यांचं पाणी तोडताना मला बरं वाटलं. त्याआधीही मी कधी कधी दोन मिनिटं लवकर तोडत होते. तेही लिहा."

मग जो गलका उठला, त्यात अध्यक्षांची टेबलावरची थाप कुणाला ऐकू गेली नाही. घड्याळवाले खुर्चीवर उभे राहून ओरडत होते, "कबूल केलं! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं!" समितीतल्या बाई पुढे झुकून हळूच म्हणाल्या, "अहो, याची गरज नव्हती. हे आमच्या कक्षेत येत नाही." लेखनिकाने काही लिहिलं नाही. मास्तर मात्र वहीत लिहून घेत होते. तिने दाराकडे पाहिलं. धाकटी निघून गेली होती.

पुढचं सरळ आहे. समितीने तिला निर्दोष ठरवलं. टेकडीने दुसरा अर्ज केला, या वेळी खऱ्या आधाराचा. पालिकेने तिला चावीवरून काढून रेकॉर्ड खोलीत बसवलं. एका खिडकीची खोली, जुन्या अर्जांचे गठ्ठे, डास. जळलेल्या घरांची मदत अर्धी आली, उरलेली येतेय असं अजूनही सांगतात. पत्र्याच्या खोल्यांत टेकडीने दीड वर्ष काढलं. पाऊस आगीच्या पुढच्या वर्षी पडला, चांगला पडला.

सुनावणीनंतर तिसऱ्या रविवारी दुपारी दार वाजलं. चावीवालीने उघडलं तर धाकटी. आत आली, चप्पल काढली नाही, खुर्चीवर बसली.

"ते सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

"खरं होतं."

"मला एकटीला सांगता आलं नसतं?"

"तू दार उघडत नव्हतीस."

"मला दारच नव्हतं! जळालं होतं ते!"

आतल्या खोलीतून नवऱ्याचं खिदळणं ऐकू आलं, दाबलेलं. दोघी एकदम त्याच्यावर ओरडल्या. तो टॉवेल खांद्यावर टाकून मागच्या दाराने बाहेर सटकला.

मग धाकटी बोलत सुटली. तासभर. घरावरून सुरुवात झाली, आईचा आरसा, मास्तरांची पुस्तकं, कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेले वडिलांचे दोन पाने. "ते तू ठेवले होतेस?" थोरलीने विचारलं, आणि धाकटी म्हणाली, "मध्ये बोलू नकोस." तिथून ती मागे मागे गेली. वडील तुलाच नेहमी बरोबर न्यायचे. माझ्या लग्नात तू तोंड फुगवून बसली होतीस. मी टेकडीवर राहते याचा तुला कायम सल होता. थोरलीने यातलं बरंचसं नाकारलं, काही कबूल केलं, आणि दोन-तीन गोष्टी स्वतःच्या वतीने सुनावल्या. पाण्याचा अर्ज निघाला. चहा निघाला.

"तो चहा कुणी टाकला, ते मला माहीत आहे," धाकटी म्हणाली.

"कोणी?"

"नाही सांगणार. तू जाऊन त्यांचा गळा धरशील."

ऊन उतरायला लागलं तेव्हा धाकटी उठली. माठातून स्वतःच पाणी घेतलं, उभ्या उभ्या प्यायली, पेला उपडा घातला.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी मागितलीच नाही."

"मागूही नकोस."

पुढच्या रविवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. येते, चप्पल काढून बसते, भांडते, जाते. टेकडीवरचं नवं घर आता छपरापर्यंत आलंय. त्याच्या भिंती किती ओल्या ठेवायच्या, नळाचा पाइप कुठून घ्यायचा यावरून दोघींचं गेल्या खेपेला चांगलंच जुंपलं. मास्तर अजून एकदाही आलेले नाहीत.